सांधे हलणाऱ्या मॉन्स्टर फिगर: खान्देशातल्या संग्राहकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुतळा आणि सांधे असलेली फिगर यात नेमका फरक काय?

पुतळा एकाच पोझमध्ये ओतलेला असतो. फिगरला मान, जबडा, खांदे, कोपरं, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे आणि गॉडझिलासारख्या राक्षसांना शेपटीच्या प्रत्येक कड्यात सांधा असतो. पैसे मुख्यतः या सांध्यांचे जातात, आणि फिगर बिघडते तीही बहुतेक सांध्यातच. म्हणून या पानावर रंग किंवा शिल्पकामापेक्षा सांध्यांबद्दलच जास्त लिहिलं आहे. त्यात जळगाव-भुसावळचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. पुण्या-मुंबईच्या संग्राहकाला जी काळजी घ्यावी लागत नाही, ती इथे घ्यावीच लागते.

सुरुवात कोणत्या फिगरपासून करावी?

आधी आपल्याला कोण आवडतं ते ठरवा: जपानी महाकाय राक्षस, हॉलिवूडचे जुने ड्रॅक्युला-फ्रँकेन्स्टाइन, की एलियन-प्रेडेटर. मग मालिका निवडा.

बंदाई या जपानी कंपनीची ‘मूव्ही मॉन्स्टर सिरीज’ मऊ व्हाइनिलची असते. तिला चार-पाचच सांधे असतात, पण ती तुटत नाही आणि खिशाला झेपते. पहिल्या खरेदीला आम्ही हीच सुचवतो. त्याच कंपनीची ‘एस.एच.मॉन्स्टरआर्ट्स’ ही मालिका २०११ पासून येते. उंची साधारण १५-१६ सेंटिमीटर, सांधे भरपूर, शेपटीचं प्रत्येक कडं वेगळं फिरतं, आणि किंमतही त्याच मानाने चढी. अमेरिकेतल्या नेका कंपनीच्या ७ इंची मालिकेत एलियन, प्रेडेटर आणि युनिव्हर्सलचे जुने राक्षस मिळतात. शिल्पकाम आणि रंग उत्तम, मात्र नव्या फिगरचे सांधे रंगाने चिकटलेले असण्याची शक्यता धरूनच चालायचं. त्याचा उपाय पुढे आहे. हिया टॉइजच्या फिगर अलीकडच्या हॉलिवूड गॉडझिला आणि काँगसाठी चांगल्या. कायोडोच्या ‘रिव्हॉल्टेक’चा सांधा कटकट आवाज करत टप्प्याटप्प्याने फिरतो. पोझ पक्की बसते, पण दोन टप्प्यांच्या मधली पोझ मिळत नाही.

एकदम पाच-सहा घेऊ नका. एका फिगरचे सगळे सांधे हाताला ओळखीचे झाले की दुसरी घेताना काय बघायचं ते आपोआप कळतं.

डब्यावर १२ इंच लिहिलंय, हातात आली तर सहा-साडेसहा इंचच. फसवणूक झाली का?

नाही. नेकाच्या गॉडझिलावर लिहिलेले १२ इंच हे डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंतचे असतात. उंची त्याच्या निम्म्याच्या आसपास भरते. ऑनलाइन घेताना उंची आणि लांबी वेगवेगळी विचारा, आणि कपाटाच्या फळीची खोली मोजून ठेवा. शेपटीवाल्या फिगरला उंचीपेक्षा खोली जास्त लागते. २० सेंटिमीटर खोलीच्या शोकेसमध्ये शेपटी वाकवून ठेवावी लागते, आणि ती महिनोन्महिने तशीच राहिली की कड्यांवर ताण येतो.

वेगवेगळ्या चित्रपटांचे गॉडझिला शेजारी ठेवले तर प्रमाण जुळतं का?

जुळत नाही. १९५४ चा मूळ गॉडझिला ५० मीटरचा, १९८४ चा ८० मीटरचा, १९९१ चा १०० मीटरचा, आणि २०१६ चा शिन गॉडझिला ११८.५ मीटरचा. फिगर मात्र सगळ्या जवळपास एकाच उंचीच्या काढतात, कारण किंमत आणि डब्याचा आकार सांभाळायचा असतो. काटेकोर प्रमाण हवं असेल तर एकाच कालखंडातले राक्षस एकत्र मांडा. आम्हाला स्वतःला एकाच गॉडझिलाची बदलत गेलेली रूपं ओळीने मांडलेली जास्त भावतात. तिथे प्रमाणाचा प्रश्नच उरत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारला या फिगर दुकानात मिळतात का?

फुले मार्केट किंवा आग्रा रोडवरच्या खेळण्यांच्या दुकानात राक्षस, डायनासोर दिसतात, पण ते बहुधा पोकळ प्लॅस्टिकचे आणि बिनापरवाना असतात. अस्सल फिगर बहुतेक ऑनलाइनच घ्यावी लागते: भारतातल्या आयातदार विक्रेत्याकडून, परदेशी दुकानातून, नाहीतर दुसऱ्या संग्राहकाकडून. चोपडा, शहादा, शिरपूर अशा तालुक्याच्या गावी पार्सल शेवटच्या टप्प्यात दोन-तीन ठिकाणी थांबतं. त्यामुळे डब्याभोवती दुसरं खोकं आणि चारही बाजूंना भरण घालायला विक्रेत्याला आधीच सांगा.

पार्सल उघडताना मोबाइलवर न थांबवता एकच व्हिडिओ घ्या. आधी पत्त्याचं लेबल, मग सहाही बाजू, मग टेप कापणं, मग फिगर. तुटलेल्या किंवा गायब भागाची तक्रार अशा व्हिडिओशिवाय सहसा मानली जात नाही.

मागवायचा चांगला काळ दिवाळी ते महाशिवरात्र. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात किंवा बंद गाडीत डबा दोन दिवस पडून राहिला की आतली फिगर वाकून येऊ शकते.

परदेशातून मागवली तर कस्टम किती लागतं?

खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. हा दर व्यापारी आयातीचा. घरगुती वापराच्या पार्सलला वेगळ्या शीर्षकाखाली आकारणी होऊ शकते आणि तो दर बदलत असतो, म्हणून ऑर्डरच्या दिवशी कुरिअर कंपनीकडून ताजा दर घ्या. दोन गोष्टी मात्र हिशेबात धराच. शुल्क फक्त फिगरच्या किमतीवर लागत नाही, किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं. त्यावर कर आणि कुरिअरचा हाताळणी आकार वेगळा. ओळखपत्राची कागदपत्रंही मागतात, ती वेळेत दिली नाहीत तर पार्सल अडकून पडतं.

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचं आहे. संग्राह्य फिगरच्या डब्यावर बहुधा ‘१४ वर्षांवरील’ किंवा ‘१५ वर्षांवरील’ असं छापलेलं असतं. विक्रेत्याला बिलावरही तेच स्पष्ट लिहायला सांगा. किंमत कमी दाखवायला मात्र कधीही सांगू नका. माल जप्त होऊ शकतो, आणि विम्याचा दावाही त्या कमी किमतीवरच अडतो.

बनावट फिगर कशी ओळखायची?

एस.एच.मॉन्स्टरआर्ट्सच्या नकला बाजारात फार आहेत. ‘डब्याशिवाय’, ‘फॅक्टरीतून बाद झालेली’, ‘चायना व्हर्जन’ असे शब्द दिसले की सावध व्हा. नुसतं ‘मेड इन चायना’ लिहिलंय म्हणून फिगर बनावट ठरत नाही, कारण अस्सल फिगरही मोठ्या प्रमाणावर चीनमध्येच तयार होतात.

विक्रेत्याकडून हे फोटो मागा: तळपाय, पाठीवरचे काटे जवळून, शेपटीचं टोक, डब्याची मागची बाजू. अस्सल गॉडझिलाच्या अंगावर, बहुधा तळपायाला किंवा शेपटीखाली, गॉडझिलाचे चित्रपट काढणाऱ्या तोहो कंपनीचं स्वामित्वचिन्ह कोरलेलं असतं. नकलेत ते नसतं किंवा पुसट असतं. नकल अस्सल फिगरवरून साचा काढून करतात, त्यामुळे ती किंचित लहान होते आणि बारीक खवले बुजतात. काट्यांच्या कडा बोथट झालेल्या लगेच दिसतात. काट्यांच्या टोकांचा रंग गडदाकडून फिक्याकडे हळूहळू जायला हवा. नकलेत तो एका रेषेवर तुटतो. डब्यावरची छपाई अंधूक, इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं, बंदाईचं चकाकणारं स्टिकर नाही, आणि उघडल्यावर रॉकेलसारखा उग्र वास येतो, हीही लक्षणं आहेत. यातलं एखादंच दिसलं तर लगेच निर्णय घेऊ नका, पण तीन दिसली तर ती फिगर सोडून द्या.

नकलेचा खरा तोटा सांध्यात आहे. पेगचं, म्हणजे सांध्यातल्या खुंटीचं, प्लॅस्टिक ठिसूळ असतं आणि खोबण्या सैल. दोन-चार वेळा पोझ बदलली की फिगर उभी राहत नाही.

नवीन फिगरचा सांधा हलतच नाही. जोर लावू का?

अजिबात नको. तुटलेल्या घोट्यांपैकी बरेचसे पहिल्या दहा मिनिटांतच तुटतात. कारखान्यात रंग ओला असताना भाग जोडले गेले की रंगच गोंदासारखा धरतो. वरून पिळलं की सांध्याऐवजी पेग तुटतो.

आधी सांधा कोणत्या जातीचा ते बघा. बिजागरी एकाच दिशेने वाकते. फिरकी सांधा फक्त गोल फिरतो. गोळा-खोबणीचा सांधा सगळीकडे हलतो. बिजागरीला पिळणं ही सर्वात महागडी चूक.

मग पाणी उकळा, गॅस बंद करून तीन-चार मिनिटं थांबा. उकळत्या पाण्यात फिगर टाकायची नाही. फक्त अडकलेला सांधा पाण्यात धरा: घोटा-मनगटासारख्या बारीक जागेला ३० ते ६० सेकंद, मांडी-खांद्याला दोन मिनिटांपर्यंत. बाहेर काढून फडक्याने पकडा. दोन्ही हातांची बोटं सांध्याच्या अगदी लगत, एक वर आणि एक खाली. पायाचं टोक धरून घोटा फिरवायचा नाही, कारण सगळा ताण मधल्या बारीक पेगवर येतो. आता केसभर पुढे, केसभर मागे, असं हलवा. ‘कट्’ असा हलका आवाज येऊन सांधा सुटला तर रंग मोकळा झाला. पेगपाशी प्लॅस्टिक पांढुरकं पडताना दिसलं तर तिथेच थांबा. ती तुटण्याआधीची खूण आहे. पुन्हा गरम करा. तीन-चार वेळा करावं लागलं तरी चालेल.

आत बॅटरी, दिवा किंवा कापडी कपडे असतील तर पाण्याऐवजी हेअर ड्रायर वापरा, १५-२० सेंटिमीटरवरून, सतत हलवत, मिनिटभर.

सांधा सुटल्यावर पूर्ण वाळवा आणि सिलिकॉन तेलाचा एक थेंब काडीने सोडा. व्यायामाच्या साहित्याच्या दुकानात ट्रेडमिलसाठी मिळतं ते तेल बहुतेक शुद्ध सिलिकॉनच असतं, बाटलीवर वाचून घ्या. शिलाई मशीनचं तेल घालू नका. खनिज तेलाने एबीएस या कडक प्लॅस्टिकला कालांतराने तडे जातात.

उन्हाळ्यात फिगर वाकते, झुकते. काय करावं?

बहुतेक फिगरचं अंग पीव्हीसीचं असतं, आणि ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर नावाचं द्रव्य मिसळलेलं असतं. खोली चाळीसच्या वर गेली की हे प्लॅस्टिक हळूहळू नरमतं. फिगर वितळत नाही, पण स्वतःच्या वजनाने आठवडाभरात घोट्यातून पुढे कलते. एका पायावर उभी केलेली, तोल पुढे गेलेली किंवा हातात जड शस्त्र दिलेली फिगर सगळ्यात आधी झुकते. सांधा घट्ट असूनही ती झुकते, कारण वाकलेला असतो तो पाय. म्हणून सांधा आवळून हा दोष जात नाही.

जागा आधी बदला. पत्र्याचं घर, स्लॅबखालचा वरचा मजला, माळा आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट या चार जागा टाळा. धाब्याचं घर असेल तर उत्तमच, तिथली मधली खोली सगळ्यात सुखरूप. नाहीतर खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला, खालची फळी. बंद काचेच्या शोकेसमध्ये दिवा लावलेला असेल तर आतलं तापमान खोलीपेक्षा जास्त असतं. हॅलोजन काढून एलईडी लावा, तोही दुपारी बंद ठेवा. शंभर गोष्टी सांगण्यापेक्षा एक साधा डिजिटल तापमापक कपाटात ठेवा आणि दुपारी तीनला वाचा.

होळीनंतर मृग लागेपर्यंत आमची पद्धत अशी: दोन्ही पाय सपाट, गुडघे सरळ, शेपटी जमिनीला टेकलेली, हातातली शस्त्रं काढून वेगळी. शेपटी हा तिसरा पाय आहे, तिच्यावर वजन येऊ द्या. उंच, सडपातळ एलियनला स्टँड लावा. आखाजीच्या आसपास आठवडाभर लग्नाला गावी जाणार असाल तर फिगर सरळ आडव्या करून सुती कापडावर ठेवून जा.

वाकलीच तर घाबरू नका. पीव्हीसीला साच्यातला मूळ आकार बऱ्यापैकी लक्षात असतो. वर सांगितलेल्या गरम पाण्यात मिनिटभर धरलं की पाय, शिंग किंवा भाला पुष्कळदा आपणच सरळ होतो. उरलेलं हाताने नीट करा आणि त्याच स्थितीत धरून लगेच थंड पाण्यात दोन मिनिटं बुडवा. थंड न करता सोडलं तर पुन्हा वाकतं.

सांधा सैल झाला. फिगर उभी राहत नाही.

गोळा खोबणीतून निघत असेल तर काढा. फेव्हिकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून गोळ्यावर पातळ थर द्या, पूर्ण २४ तास वाळवा, मग बसवा. कमी वाटलं तर दुसरा थर. हा उपाय परतवता येतो, कोमट पाण्याने थर निघून जातो, म्हणून आधी हाच करावा. फेव्हिक्विक जास्त टिकतं, पण गोळा बाहेर असतानाच लावायचं आणि कडक वाळल्याशिवाय बसवायचं नाही, नाहीतर सांधा कायमचा चिकटेल. पारदर्शक भागांजवळ फेव्हिक्विक नेऊ नका, त्याच्या वाफेने पांढरा धूसर डाग पडतो.

सरळ पेग असेल तर नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप एक वेढा गुंडाळा. जास्तीची कापून टाका. हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते आणि सगळ्यात स्वच्छ उपाय हाच आहे.

पेगच तुटला तर?

नुसता गोंद टिकत नाही. सांध्यांत पुष्कळदा पॉलिअसिटल नावाचं गुळगुळीत, मेणचट प्लॅस्टिक वापरतात, त्याला गोंद धरतच नाही. तार घालावी लागते.

खोबणीत अडकलेला तुकडा आधी काढा: बारीक स्क्रूचं टोक लायटरवर गरम करून तुकड्यात रुतवा, थंड होऊ द्या, पक्कडीने सरळ ओढा. मग हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने १ मिलिमीटरचं भोक दोन्ही बाजूंना ४-५ मिलिमीटर खोल पाडा. विजेचं ड्रिल वापरू नका, उष्णतेने प्लॅस्टिक वितळून भोक वाकडं जातं. १ मिलिमीटर जाडीची पोलादी तार किंवा पेपरक्लिपचा सरळ तुकडा आधी कोरडाच बसवून बघा. बरोबर बसला की दोन भागांचं अराल्डाइट लावा आणि २४ तास हात लावू नका. फिरणारा सांधा हवा असेल तर एकाच बाजूला चिकटवा.

नेकाच्या एलियनच्या शेपटीत मुळातच तार असते. ती एकाच जागी वारंवार वाकवली की आतल्या आत तुटते आणि कातडीतून टोक बाहेर येतं. वाकवताना लांब, मोठी वळणं द्या.

फिगर हाताला चिकट लागते. खराब झाली का?

प्लॅस्टिसायझर पृष्ठभागावर आलं आहे. बंद, गरम डब्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या फिगरला हे जास्त होतं. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे तीन-चार थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा आणि नंतर हवा लागेल अशी ठेवा. काही महिन्यांनी पुन्हा चिकट झाली तर पुन्हा धुवा. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. रंग जातोच, आणि रिमूव्हरमधलं ॲसिटोन एबीएस विरघळवतं. पावडर चोळून चिकटपणा झाकायचा सल्ला दिला जातो, पण पावडर खवल्यांत बसते आणि निघत नाही.

याच द्रव्यामुळे पीव्हीसी फिगर थर्माकोलला टेकवून कधीही ठेवू नका. काही महिन्यांत थर्माकोल खड्डा पडून फिगरला चिकटतो. रबर बँडही नको. मध्ये बटर पेपर घाला.

धूळ आणि कापसाची रुई कशी काढायची?

भाव वाढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवलेला असेल किंवा जवळ जिनिंग असेल, तर दिवाळीनंतर चार महिने रुईचे तंतू सांध्यांत शिरतात. गोळ्याभोवती ते गुंडाळले जातात, सांधा जड होतो आणि फिरवताना रंग खरवडला जातो. म्हणून पोझ बदलण्याआधी स्वच्छता. आधी कोरड्या मेकअप ब्रशने वरून खाली, मग सांध्यातले तंतू बारीक चिमट्याने. स्वयंपाकघराला लागून फिगर ठेवली तर फोडणीच्या तेलकट वाफेवर धूळ बसून थर तयार होतो. तो फक्त साबणाच्या पाण्याने निघतो.

धुण्यासाठी बोअरचं जड पाणी चालतं, शेवटचं खळबळणं मात्र आरओच्या पाण्याने करा. नाहीतर काळ्या गॉडझिलावर क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात. पंख्याखाली, सावलीत एक दिवस वाळवा. उन्हात वाळवू नका. स्क्रू लावलेल्या फिगर पाण्यात बुडवून ठेवू नका.

कूलरच्या खोलीत ठेवल्या तर चालेल?

तापमानासाठी चांगलं, डब्यांसाठी वाईट. कूलरच्या ओलाव्याने पुठ्ठा मऊ पडतो, कसर लागते आणि खिडकीची पारदर्शक पट्टी सुटते. फिगर त्या खोलीत, कूलरच्या थेट झोतापासून दूर ठेवा. रिकामे डबे दुसऱ्या कोरड्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच. पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या खोक्यात सिलिका जेलची पुडी टाका.

डबे जपायलाच हवेत का?

पुढे विकायची शक्यता असेल तर हो. आतला प्लॅस्टिकचा साचा तर जपाच, घर बदलताना त्यासारखं पॅकिंग नाही. पण फिगर वर्षानुवर्षं बंद डब्यातच ठेवणं तिच्यासाठी चांगलं, हा समज खरा नाही. हवा न मिळाल्याने चिकटपणा वाढतो आणि साच्याला टेकलेला रंग उठतो.

दुसऱ्याकडून जुनी फिगर घेताना काय विचारावं?

प्रत्येक सांधा हलवून दाखवणारा छोटा व्हिडिओ मागा, फोटोवर विसंबू नका. घोटे आणि मनगटं जवळून. कोणत्या जोडाभोवती चकाकणारी गोंदाची रेघ आहे का? जादा पंजे, तोंडं, किरणांचे तुकडे मोजून घ्या. सुटे भाग पुन्हा मिळणं अवघड असतं आणि किंमत त्यांच्यावरच ठरते. मागच्या मालकाने कुठल्या खोलीत ठेवली होती हेही विचारा. खिडकीतली असेल तर पांढरा-फिका रंग पिवळा पडलेला असतो. साधी काच सूर्याचे अतिनील किरण पूर्ण अडवत नाही, आणि पिवळेपणा धुऊन जात नाही.

घरात लहान मुलं आहेत. त्यांना खेळू द्यावं का?

मॉन्स्टरआर्ट्स आणि नेका नको. टोकदार काटे आणि गिळता येतील असे पंजे असतात. मऊ व्हाइनिलची मूव्ही मॉन्स्टर सिरीजही डब्यावरचं वय बघूनच द्या, सोबत बसून. बनावट फिगर तर मुलांच्या हाती देऊच नका, तिच्या रंगात आणि प्लॅस्टिकमध्ये काय आहे याची कोणी तपासणी केलेली नसते.